ताटातले अंडे, गावातले मैदान आणि आपला हक्क

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. त्या दिवशी भीमनगरातल्या समाजमंदिरात आरोग्य शिबिर भरले होते. एक तरुण डॉक्टर आले होते. भला माणूस. कोणाचाही हात न झटकता त्यांनी साठ-सत्तर जणांचे रक्त तपासले, दाब मोजला आणि शेवटी दहा-पंधरा मिनिटे भाषणही केले. रोज सकाळी पाऊण तास चाला. जेवणात पालेभाजी, कडधान्य, फळे, दूध, अंडी ठेवा. गोड कमी करा, तळलेले टाळा. सारे जण माना डोलवत होते. भाषण संपल्यावर मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी विचारले, "लेकरा, सांगतोस ते खरं हाय. पण पालेभाजी रोज आणू कुठून? आन् चालायला जाऊ कुठं?" डॉक्टर हसले आणि गप्प झाले. त्यांच्याजवळ औषध होते, या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

माझा चुलत भाऊ माझ्या शेजारीच बसला होता. पंधरा वर्षे बायकोसह ऊसतोडीला गेलेला माणूस. आता साखरेच्या आजाराने उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली आहेत. वय अवघे अठ्ठेचाळीस. तो हळूच म्हणाला, "दादा, टोळीवर असताना पहाटं तीनला उठून ऊस तोडत होतो, डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरत होतो. ते चालणं नव्हतं म्हणून काय? मग मला हा आजार कसा लागला?"

आत्याबाईंचा आणि भावाचा, हे दोन प्रश्न घेऊनच मी परत आलो. वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत, दूरदर्शनच्या कार्यक्रमांत 'योग्य आहार, नियमित व्यायाम' हा मंत्र रोज वाचायला-ऐकायला मिळतो. तो मंत्र खोटा नाही. पण तो सांगणारा असे गृहीत धरतो, की ऐकणाऱ्याजवळ निवड करायला पैसा आहे, भाजी पिकवायला जमीन आहे, चालायला रस्ता आहे, खेळायला मैदान आहे आणि या सगळ्यासाठी लागणारी सवडही आहे. गावकुसाबाहेरच्या माणसाकडे यातले काय आहे? म्हणूनच खेड्यातला आहार आणि व्यायाम हा सवयीचा प्रश्न नसून वाटपाचा प्रश्न आहे, आणि वाटपाचा प्रश्न या देशात शेवटी जातीपाशीच येऊन थांबतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी परिस्थिती काय आहे ते पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील १०० मुलांपैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे, तर ३६ मुलांचे वजन कमी आहे. १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात पुरेसे रक्त नाही. स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याची ही अवस्था! दुसरीकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने सांगितले, की भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. साखरेचा आजार हा बंगल्यात राहणाऱ्या लठ्ठ माणसाचा आजार, हा समज आता मोडीत निघाला आहे. तो वस्तीत आला आहे. एकाच घरात नातू कुपोषित, सून रक्तक्षयाने फिकी पडलेली आणि सासऱ्याच्या पायाची जखम साखरेमुळे भरत नाही, असे चित्र दिसते. हे तीन आजार वेगवेगळे नाहीत. एकाच रिकाम्या ताटाच्या त्या तीन बाजू आहेत. रिकामे म्हणजे पोट भरत नाही असे नव्हे. पोट भरते, पण गहू-तांदळाने आणि साखरेच्या चहाने भरते. अंगाला जे लागते ते त्यात नसते.

येथे कोणी म्हणेल, पूर्वीचे लोक कसे ठणठणीत होते! जुने ते सोने हा सूर आपण लावू नये. पूर्वी आपल्या आज्या-पणज्यांनी काय खाल्ले, हे आपल्याला ठाऊक आहे. येसकरपाळीच्या बदल्यात दारोदार मागून आणलेले शिळे तुकडे आणि मेलेल्या जनावराचे मांस हे अन्न म्हणून नव्हे, दास्याची खूण म्हणून आपल्या वाट्याला आले होते. म्हणूनच मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावण्यापूर्वी बाबासाहेबांनी परिषदेत मृत मांस आणि मागून आणलेले शिळे अन्न सोडून देण्यास सांगितले. तो नकार अन्नाला नव्हता, अन्नामागच्या गुलामीला होता. पाणी असो की भाकरी, ती मानाने मिळाली पाहिजे, हा त्या लढ्याचा अर्थ होता. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून सुकडी आणि मिलोच्या लाल ज्वारीवर दिवस काढलेली पिढी अजून हयात आहे. तेव्हा भुकेचे गोडवे गाण्याचे कारण नाही.

तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. मजुराच्या घरात जी थोडीफार कसदार गोष्ट येत होती, तिचे मार्ग गेल्या तीस-चाळीस वर्षांत एकेक करून बंद झाले. मराठवाड्यात ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा अशी मिश्र पिके होती, तेव्हा मजुरी पुष्कळदा धान्यात मिळे. काढणीनंतर बायका सरवा वेचत. दोन-चार पायल्या ज्वारी आणि गाडगेभर तूर त्यातून घरात येई. हरभरा कोवळा असताना भाजी खुडून आणत. बांधावर तांदूळजा, घोळ, पाथरी, कुर्डू मिळे. त्याला पैसे पडत नसत. पुढे सोयाबीन आले, कापूस वाढला, पाण्याच्या ठिकाणी ऊस आला. सोयाबीनचा सरवा वेचून घरात शिजवायला काय मिळणार? ते तर तेलाच्या गिरणीसाठी पिकते. तणनाशकाच्या फवाऱ्याने बांधावरची भाजी करपून गेली. मजुरी रोख झाली, हे चांगलेच झाले, पण त्या रोखीने विकत घ्यायला गावात आहे काय? गावात पिकलेली भाजी पहाटेच तालुक्याच्या बाजारात जाते. गावात निघालेले दूध सकाळी डेअरीच्या गाडीत चढते. वस्तीतल्या माणसाला भाजी मिळते ती आठवडी बाजाराच्या दिवशी, आणि तीसुद्धा संध्याकाळी भाव उतरल्यावर उरलेली. एरवी वस्तीतल्या टपरीवर मिळतात पाच-पाच रुपयांच्या पुड्या, बिस्किटे, खारी आणि बंदी असूनही खुलेआम विकला जाणारा गुटखा. पाच रुपयांत लेकराचे रडे थांबवणारी दुसरी वस्तू आईजवळ नसते. तिला दोष देणारे शहाणे या टपरीच्या पलीकडे काय आहे, हे पाहायला कधी आलेले नाहीत.

आता सरकारी धान्याकडे वळू. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने अन्न हा उपकार न राहता हक्क झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. हे धान्य नसते तर करोनाच्या काळात वस्त्यांमधून काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. पण याच कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरड धान्याचाही उल्लेख आहे, हे किती जणांना माहीत आहे? महाराष्ट्रात काही जिल्ह्यांत मधूनमधून रेशनवर ज्वारी आली. परंतु नेम गहू-तांदळाचाच. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. आपल्या सरकारने 'श्री अन्न' असे संस्कृत नाव देऊन मोठा गाजावाजा केला. पाहुण्यांच्या मेजवान्यांत ज्वारी-बाजरीचे पदार्थ वाढले गेले. पण ज्या मजुराने पिढ्यान्‌पिढ्या हीच भाकरी खाल्ली आणि जिच्यावरून त्याला हिणवले गेले, त्याच्या पिशवीत ती नियमितपणे पोहोचली नाही. काल गरिबाचे अन्न म्हणून ज्या ज्वारीकडे नाक मुरडले, तीच आज शहरातल्या मॉलमध्ये चकचकीत पाकिटात महाग होऊन बसली आहे. डाळ आणि तेल यांचे तर नावच नको. नुसत्या पिठावर लेकराचे हाड धरत नाही, हे समजायला आहारतज्ज्ञाची गरज नाही.

सर्वांत चीड आणणारी गोष्ट आहे ती शाळेतल्या अंड्याची. शाळेत शिजवलेले जेवण मिळते, ते कोणा सरकारच्या दयाळूपणामुळे नव्हे. अन्नाच्या हक्कासाठी दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला, तेव्हा राज्यांना ते सुरू करावे लागले. आजच्या नियमाप्रमाणे प्राथमिक शाळेतल्या मुलाला दिवसाला १२ ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला २० ग्रॅम प्रथिने त्या जेवणातून मिळायला हवीत. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात. म्हणजे लहान मुलाच्या वाट्याची निम्मी प्रथिने एका अंड्यात आली. शिवाय अंड्यात भेसळ करता येत नाही, ते पातळ करता येत नाही, अर्धे चोरता येत नाही. डाळीत पाणी घालता येते, अंड्यात घालता येत नाही! नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला. जी मुले अंडी खात नाहीत त्यांच्यासाठी केळे किंवा स्थानिक फळ ठेवले. म्हणजे कोणावर सक्ती नव्हती. तरीही धर्माच्या नावाने ओरड झाली. २०२५ च्या जानेवारीत शासनाने अंड्यासाठी दिला जाणारा निधीच बंद केला आणि शाळांनी हवे तर लोकसहभागातून अंडी द्यावीत, असे सांगितले. वर्षाला सुमारे ५० कोटी रुपयांचा हा खर्च राज्याला जड झाला. तिकडे तामिळनाडूत शाळेतल्या मुलांना आठवड्यातले पाच दिवस अंडे मिळते. तिथला धर्म बुडालेला नाही.

लोकसहभाग म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे. ज्या गावात सधन पालक आहेत त्या गावात वर्गणी जमेल. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत आता शिकतो कोण? मजुराची, ऊसतोड कामगाराची, बौद्धांची, मातंगांची, आदिवासींची, भटक्या-विमुक्तांची मुले. बाकीच्यांची मुले केव्हाच इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसून गेली. ज्यांना अंड्याची गरज आहे त्यांच्याच आईबापाकडे अंड्याची वर्गणी मागणे, याला सहभाग म्हणत नाहीत, अंग काढून घेणे म्हणतात.

अंड्यासारखेच मांसाचे. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली आणि तो पाच वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाचा गुन्हा ठरला. मटणाचे भाव परवडत नाहीत त्या घरांचे ते अन्न होते. म्हशीच्या मांसावर कायद्याने बंदी नाही, पण जनावरांची वाहतूक करणारा रस्त्यात अडवला जातो, म्हणून तेही वस्तीच्या बाजारातून मिळेनासे झाले. शाकाहार हा कोणाचा खासगी निर्णय असेल तर त्याचा आदर करू. पण दुसऱ्याच्या ताटातले उचलून न्यायचे आणि त्या जागी काहीच ठेवायचे नाही, ही कुठली अहिंसा? ज्या राज्याने गरिबाच्या ताटातले स्वस्त प्रथिन काढून घेतले, त्याच राज्याने त्याला 'प्रथिनयुक्त आहार घ्या' असे भित्तीपत्रक लावून सांगावे, यापरता विनोद नाही.

आहारात जात कशी शिजते, याचे आणखी एक उदाहरण सांगतो. शाळेत स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी दिला. किती गावांत आपली बाई शाळेची खिचडी शिजवते, हे प्रत्येक वाचकाने आपापल्या गावात जाऊन पाहावे. अंगणवाडीबाबत तर १३ डिसेंबर २००६ चा आदेश फारच महत्त्वाचा आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना नव्या अंगणवाड्यांत अग्रक्रम द्यावा आणि ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत तिने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असे न्यायालयाने म्हटले. गावाच्या मध्यभागी, कोणाच्या तरी वाड्याजवळ असलेल्या अंगणवाडीत वस्तीतले तीन वर्षांचे लेकरू एकटे जाऊ शकत नाही. आई सकाळीच कामाला गेलेली असते. मग त्याच्या वाट्याचा गरम आहार कागदावर जेवला जातो.

आता वळू व्यायामाकडे, म्हणजे माझ्या भावाच्या प्रश्नाकडे. ज्याने पंधरा हंगाम अंग मोडून काम केले, त्याला आजार कसा झाला? उत्तर असे, की कष्ट वेगळे आणि व्यायाम वेगळा. व्यायाम माणूस स्वतःच्या शरीरासाठी, पोटभर जेवून, पुरेशी झोप घेऊन, स्वतःच्या इच्छेने करतो. कष्ट तो दुसऱ्याच्या नफ्यासाठी, मुकादमाची उचल फेडण्यासाठी, अर्धपोटी, अपुऱ्या झोपेवर करतो. व्यायामाने शरीर घडते, असल्या कष्टाने ते झिजते. ऊसतोडीच्या कोयत्याला आजारपणाची रजा नसते. खाडा झाला तर दंड बसतो. बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे २०१९ साली उघड झाले. राज्य शासनाच्या समितीपुढे तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची अशी माहिती आली. त्या बायकांना 'शारीरिक हालचाल वाढवा' असे कोणत्या तोंडाने सांगणार? आणि हंगाम संपला, गुडघे गेले, टोळी सुटली, की तोच माणूस वस्तीतल्या एका खोलीत बसून राहतो. मग वर्षानुवर्षे झिजलेल्या अंगावर गहू, तांदूळ आणि चहाची साखर साठत जाते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामगाराच्या कामाचा दिवस आठ तासांवर आणण्यासाठी प्रयत्न केले. उरलेल्या तासांत कामगाराने माणूस म्हणून जगावे, वाचावे, खेळावे, विश्रांती घ्यावी, हाच त्यामागचा हेतू होता. ऊसतोड कामगाराच्या आयुष्यात ते आठ तास आजही उगवलेले नाहीत.

आणि खेळायचे म्हटले तरी कुठे? शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला मैदान असले पाहिजे, खेळाचे साहित्य असले पाहिजे, असे लिहिले आहे. प्रत्यक्षात शाळेचे मैदान म्हणजे कुठे बड्या शेतकऱ्याची मळणीची जागा, कुठे लग्नाच्या मांडवाची जागा, तर कुठे ट्रॅक्टरचा तळ. पोलीस भरतीची तयारी करणारी आपली मुले-मुली पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर धावतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. ट्रकच्या दिव्यात, खड्डे चुकवत, फाटक्या बुटांनी ती धावतात. गावात गायरान असते, पण मैदान नसते. मैदान असलेच तर त्यावर आपल्या मुलांची पाळी शेवटची असते. जून २०२३ मध्ये गुजरातच्या पाटण जिल्ह्यातल्या एका गावात क्रिकेट सामन्यातला चेंडू दलित मुलाने उचलला, एवढ्यावरून भांडण पेटले आणि त्या मुलाच्या नातलगाचा अंगठा तोडला गेला. चेंडूलाही विटाळ होतो!

हे आजचे नाही. पळवणकर बाळू हे नाव आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावे. चर्मकार समाजातला हा गोलंदाज १९११ साली भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात त्याने शंभरहून अधिक बळी घेतले. मैदानावर त्याचा चेंडू चालत होता, पण पुण्यात चहाच्या वेळी त्याला मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या कपात चहा मिळत असे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच दिले गेले नाही. पुढे १९२३ मध्ये ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. ज्यांना मैदानावर पाय ठेवायला मिळाला त्यांनी काय करून दाखवले, याचा हा पुरावा. ज्यांना तो मिळालाच नाही त्यांची गणती कोणी केली? संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये विहिरी, तळी, घाट, रस्ते यांच्याबरोबर सरकारी पैशाने चालणाऱ्या सार्वजनिक वापराच्या जागांचाही उल्लेख आहे. गावचे मैदान ही अशीच जागा आहे. चवदार तळ्यावरचा हक्क सांगणाऱ्यांच्या नातवंडांनी गावच्या मैदानावरचा हक्क का सोडून द्यावा?

स्त्रियांच्या बाबतीत तर आपल्यालाही मान खाली घालावी लागेल. २०२२ सालच्या आकडेवारीवर आधारलेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाप्रमाणे भारतातल्या ५७ टक्के प्रौढ स्त्रिया पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे. वस्तीतली मुलगी सातवीपर्यंत कबड्डी खेळते, खो-खो खेळते. न्हाण आले की तिचा खेळ बंद. का? लोक काय म्हणतील! हे लोक कोण? मनुस्मृती जाळणाऱ्या बापाची आपण लेकरे, आणि घरातल्या पोरीच्या पायात तीच मनुस्मृती बांधतो. जेवणातही तेच. मटण शिजले की चांगला वाटा पुरुषाच्या आणि पोराच्या ताटात, आणि बाई शेवटी रस्सा-भाकरीवर भागवते. मग तिच्या अंगात रक्त कमी का, असा प्रश्न आपण सरकारला विचारतो. सरकारला जरूर विचारावा, पण आधी आपल्या चुलीला विचारावा.

आपल्या आणखी काही गोष्टींबद्दल बोललेच पाहिजे. वस्तीविकासाच्या योजनेतून समाजमंदिरे झाली, चांगले झाले. पण किती समाजमंदिरांना वर्षभर कुलूप असते आणि किती ठिकाणी पत्त्यांचा डाव पडतो? भीमजयंतीला डीजेवर एका रात्रीत जो पैसा उडतो, त्यात वस्तीतल्या पोरांना वर्षभर पुरतील एवढे चेंडू, जाळी, मॅट आणि मुलींना बूट येतात. १९२७ साली समता सैनिक दल उभे राहिले, तेव्हा शिस्त, कवायत, कसलेले शरीर हा चळवळीचाच भाग होता. मिरवणुकीत लेझीम होती, आखाड्याची पोरे होती. डीजेसमोर नाचून दमणे म्हणजे व्यायाम नव्हे. आणि एक न्यूनगंडही झटकून टाकला पाहिजे. नोकरी लागून शहरात आलेले आपले बांधव शेजारी काय म्हणतील म्हणून ज्वारीची भाकरी, सुकट, वजडी, करडईची भाजी घरात करायला लाजतात आणि पोरांना नूडल्स खाऊ घालतात. आपल्या आईच्या चुलीवरचे अन्न हलके नव्हते. हलके ठरवणारी नजर हलकी होती.

अन्न आणि मैदान, दोन्हींच्या मुळाशी शेवटी जमीन आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी हे ओळखले होते. डिसेंबर १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला आणि लाखो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. त्या मागणीपत्रात पडीक जमिनीच्या वाटपाबरोबरच धान्याचे पुरेसे वाटप आणि भाववाढीला आळा, याही मागण्या होत्या. भाकरीचा प्रश्न हा चळवळीचा मुख्य प्रश्न होता. आपण तो स्मारकांच्या, नामांतरांच्या आणि गटबाजीच्या गर्दीत कुठेतरी हरवून बसलो. स्मारके हवीतच, पण स्मारकापुढे उभा राहणारा माणूसही धडधाकट हवा. गायरानावर चार-दोन एकर कसणाऱ्यांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली झाला. पण आजही कित्येकांच्या नावे सातबारा झालेला नाही, आणि २०२२ साली उच्च न्यायालयातील प्रकरणानंतर नोटिसांची टांगती तलवार पुन्हा आली. ज्याच्याकडे अर्धा एकर स्वतःचा आहे, तो ज्वारी पेरतो, कडेने तूर लावतो, चार कोंबड्या पाळतो. त्याच्या घरात अंड्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

तेव्हा करायचे काय? भाषणे पुरेत, कामाचे बोलू. पहिले, येत्या ग्रामसभेला वस्तीतल्या बायका-पुरुषांनी संख्येने जावे आणि गावच्या मैदानाचा गट क्रमांक विचारावा. नोंद नसेल तर शासकीय जमिनीतून मैदान राखून ठेवण्याचा ठराव लेखी मांडावा. दुसरे, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्चायचे असतात. हा पैसा गेल्या तीन वर्षांत कुठे गेला, हे माहितीच्या अधिकारात मागावे आणि त्यातून मुलींच्या खेळाचे साहित्य, मैदानावर दिवे आणि स्वच्छतागृह मागावे. दिवा नाही आणि आडोसा नाही, तिथे मुलगी खेळायला येणार नाही. तिसरे, वस्तीत सहा वर्षांखालील मुले मोजावीत. चाळीस भरली तर अंगणवाडीची लेखी मागणी करून पोच घ्यावी. चौथे, शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक बसवावेत आणि प्रत्येक समितीने अंड्याचा निधी पुन्हा सुरू करण्याचा ठराव शासनाकडे पाठवावा. एका गावाच्या ठरावाला केराची टोपली मिळेल, हजार गावांच्या ठरावांना मिळणार नाही. पाचवे, रेशनवर ज्वारी-बाजरी, डाळ आणि तेल ही मागणी आपल्या सर्व गटांनी आपापले झेंडे बाजूला ठेवून एका आवाजात करावी. सहावे, भूमिहीनांसाठी दादासाहेबांच्या नावाने असलेल्या सबळीकरण व स्वाभिमान योजनेची जमीन आपल्या तालुक्यात किती कुटुंबांना मिळाली, याची यादी समाजकल्याण कार्यालयातून काढावी. आणि सातवे, जे कोणाकडे मागायचे नाही, आपणच करायचे: समाजमंदिराचे कुलूप पहाटे पाचला उघडावे, पोरापोरींना एकत्र खेळवावे आणि घरातल्या बाईला पहिल्या पंगतीला बसवावे.

आळवी नगरातली एक गोष्ट धम्मग्रंथांत येते. तथागत तिथे उपदेश करण्यासाठी आले असता एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून, उपाशीपोटी, उशिरा सभेत पोहोचला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले. तो जेवला, सावरला, मगच उपदेश सुरू झाला. भुकेल्या माणसाला धम्म समजत नाही, हे त्या महाकारुणिकाला ठाऊक होते.

शिबिर संपल्यावर मी आत्याबाईंना घरी सोडायला गेलो. त्यांच्या दारापुढे दोन हात जागेत त्यांनी अंबाडी आणि चार वांगी लावली होती. नळाचे पाणी आठवड्यातून एकदा येते, म्हणून भांडी धुतलेले पाणी त्या वाफ्यात सोडतात. त्यांच्याकडून जेवढे होते तेवढे त्या करत आहेत. उरलेले तुम्हाआम्हाला ग्रामसभेत जाऊन करायचे आहे. जय भीम!